कुशीवर निजवलेला गर्डर

६ जानेवारी १९७९
हॅनकॉक

एलेन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर पत्र न फोडताच चुलीत घालशील, अशी भीती वाटली. म्हणून पत्ता इथल्या नर्सबाईंकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर वळणदार आहे. आतलं माझंच आहे, ते सांभाळून घे. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर ऐंशीव्या वर्षी काय सुधारणार.

नोव्हेंबरात मी पायरीवरून घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं, हे तुला कुणीतरी सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर आता कळलं. काउंटीच्या या वृद्धाश्रमात ठेवलंय. जेवण मऊ असतं. शनिवारी सौनाची वाफ मिळत नाही, ओल्या फडक्याने पुसतात. बाकी तक्रार नाही.

पत्र बर्फाबद्दल आहे. आतापर्यंत बारा फूट पडला, असं इथली नर्सबाई म्हणते. तुमच्याकडे चाळीस मैल वर नेहमीच जास्त पडतो, म्हणजे पंधरा तरी झाला असेल. छतावरचा बर्फ कोण उपसतं? तुझ्या नवऱ्याच्या, डेलच्या पाठीचं दुखणं मला माहीत आहे. त्याला जमत नसेल तर कुणाला तरी बोलवा, पण उपसा. आणि एक बाजू साफ करून मग दुसरी, असं करू नका. दोन्ही बाजू थोड्या थोड्या करत जा.

आणखी एक विचारायचं होतं. स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा वरून घासतो का? आणि छताला, चुलीपासून खिडकीपर्यंत, गिलाव्यात रेघ दिसते का? खास काही कारण नाही. पडून पडून माणसाला घराच्या गोष्टी आठवतात. तेवढ्या दोन गोष्टी कळव. पोस्टकार्डावर नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.

बाबा


१४ जानेवारी

एलेन,

तुझं कार्ड आलं नाही. पोस्टाची गाडी अडकली असेल. इथे परवा दोन दिवस दूधसुद्धा आलं नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर ट्रेम्बाथ नावाचा माणूस आहे. कॉर्निश आहे, इंग्लंडातून आलेल्या खाणवाल्यांपैकी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता पायात साखर उतरली. त्याचा बाप आमच्याच खाणीत कॅप्टन, आमच्यावरचा साहेब होता, म्हणून हा मला अजूनही कामगार समजतो. रविवारी त्याची भाची मांस-बटाटा भरलेली पॅस्टी घेऊन येते. अर्धी मला देतो, आणि वर म्हणतो, "खा केस्किला, फिनिश लोकांनी आमच्याकडून चोरली ती हीच."

काल त्याने मला विचारलं, खाणीत नेमकं काय करायचास? मी म्हटलं, टेकू लावायचो. छताला खांब, खांबावर आडवा ओंडका. एकेचाळीस वर्षं. माझ्या टेकूखाली एकही माणूस मेला नाही. मग मी काहीतरी विचारलं. घरात भिंत काढून तिच्या जागी लोखंडी गर्डर टाकतात, त्याबद्दल. सहज विचारलं.

त्याने लाकडी पट्टी मागवली. दोन पुस्तकं अंतरावर ठेवली आणि त्यांवर पट्टी आडवी टाकली. मध्ये चहाचा कप ठेवला. पट्टी धनुष्यासारखी वाकली आणि कप घसरला. चादर भिजली, नर्सबाई ओरडली. मग त्याने तीच पट्टी कडेवर उभी धरली आणि मला म्हणाला, "ठेव आता कप. दोन ठेव. साखरेचं भांडं पण ठेव." पट्टी हलली नाही.

"लाकूड तेच," तो म्हणाला. "वजन तेच. असं का?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस, मास्तर तू.

त्याने आंघोळीचा स्पंज घेतला आणि बाजूवर शाईने उभ्या रेघा ओढल्या. मग वाकवला. वरच्या अंगाला रेघा एकमेकींना भिडल्या. खालच्या अंगाला फाकल्या. अगदी मध्ये जशा होत्या तशाच राहिल्या. म्हणजे ओझं येतं तेव्हा तुळईचं वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं, आणि मधलं नुसतं बसून असतं. वरचं आणि खालचं अंग मधल्यापासून जितकं लांब, तितकी तुळई वाकायला तयार होत नाही. उंची दुप्पट केली तर वाक आठपट कमी होतो. दुप्पट नाही, आठपट. म्हणून गर्डरला वर एक रुंद पट्टी, खाली एक रुंद पट्टी, आणि मध्ये पातळ पत्रा. काम करणारं लोखंड दोन टोकांना ठेवलेलं असतं.

"आणि तो गर्डर कुणी कुशीवर निजवला तर?" मी विचारलं.

तो हसला. "कोण गाढव निजवेल?"

मी म्हटलं, असाच विचारतोय.

गंमत वाटली म्हणून तुला लिहिलं. या वयात शाळेत बसलो. दरवाजाचं कळव.

बाबा


२२ जानेवारी

एलेन,

आज खुर्चीत बसवून मला फोनपर्यंत नेलं. तुझा नंबर फिरवला. एका बाईचा ठरावीक आवाज आला की हा नंबर सध्या चालू नाही. तारा तुटल्या असणार. इतक्या बर्फात तारा टिकत नाहीत.

तारा तुटल्या म्हणजे तिकडे किती पडलाय याचा अंदाज येतो. आता मी लिहितो. सरळ लिहितो.

७१ साली तुझी भिंत काढली तेव्हा मी तो गर्डर कुशीवर ठेवला.

तुला आठवत असेल. तुला स्वयंपाकघर आणि पुढची खोली एक हवी होती, आणि छताला मध्ये ढेकूळ नको होतं. "बाबा, डोक्यावर काही लोंबायला नको," असं म्हणालीस. खाणीच्या तोंडावरचं पत्र्याचं घर त्याच वर्षी पाडलं, तिथून मी गर्डर आणला. बारा इंच उंच, साडेसहा इंच रुंद. छताच्या लाकडांची उंची आठ इंच. उभा ठेवला तर चार इंच खाली लोंबतो. निजवला तर आत मावतो, वरून गिलावा केला की काही दिसत नाही. मी निजवला.

तू दुसऱ्या खोलीत होतीस तेव्हा डेल शिडीखाली उभा होता. म्हणाला, "बाबा, हा उभा ठेवायला नको का?" एवढंच. हळूच म्हणाला. गॅरेजात ट्रकच्या सांगाड्याखाली रोज निजणारा माणूस, त्याला दिसलं असणार.

मी त्याला काय म्हटलं ते तू ऐकलंस. तेव्हा तू दारात आली होतीस, तुझी आईही होती, आणि शेजारचे दोघे मदतीला आले होते. मी म्हटलं, "जमिनीखाली किती वर्षं काढलीस रे पोरा? लोखंड ते लोखंड. उभं ठेव, आडवं ठेव, वजन तेवढंच." शेजारी हसले. डेलचे कान लाल झाले. मला तेव्हा बरं वाटलं, तेही लिहितो.

मी असं का बोललो ते आता कळतं. आयुष्यभर मी गोल ओंडके लावले. गोल ओंडक्याला पाठ-पोट नसतं. कसाही फिरव, तो तेवढाच. आणि खांब तर डोक्यावर ओझं घेऊन उभाच असतो, त्याला वाकायचं कारण नसतं. एकेचाळीस वर्षांत एकदाही मला विचार करावा लागला नाही की हे लाकूड कुठल्या अंगावर ठेवू. त्याचीच मला घमेंड होती.

ट्रेम्बाथने आकडे मांडले. मी त्याला सांगितलं की मित्राचं घर आहे. तोच गर्डर कुशीवर बारापट जास्त वाकतो. निजवल्यावर त्या रुंद पट्ट्या बाजूंना उभ्या राहतात आणि मधला पत्रा आडवा पडून काहीच करत नाही. वर माळा आहे, माळ्यावर छत, छतावर बर्फ. ते सगळं त्या सोळा फूट लांब गर्डरवर.

म्हणून आता ऐक. गर्डरच्या बरोबर मध्ये, चूल आणि खिडकी यांच्यामध्ये, खांब लावा. आजच लावा. तोपर्यंत त्या रेघेखाली कुणी झोपू नका.

ट्रेम्बाथने दाखवेपर्यंत मला यातलं काही माहीत नव्हतं. ते तरी खरं मान.

बाबा


२ फेब्रुवारी

एलेन,

उत्तर नाही. शेरीफच्या कचेरीत फोन केला. तिथला पोरगा सभ्य होता. म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे शंभर छतांची यादी आहे. तुमचं पडलं आहे की पडणार आहे?" मी म्हटलं, पडणार आहे. "मग रांगेत घेतो." मी म्हटलं, पडल्यावर येऊन काय करणार? तो म्हणाला, "आजोबा, माझ्या आईचं छतही यादीत आहे." मी फोन ठेवला.

मी इथे खाटेवर आहे. एक पाय लाकडासारखा ताठ. खिडकीतून दिसतं ते एवढंच की बर्फ पडतोय. छपराला टेकू लावायला मला अर्धा तास लागायचा. आता मी चमचा पडला तर उचलू शकत नाही.

गेल्या पत्रात शेवटी एक ओळ लिहिली होती. ती खोटी आहे. ती तशीच ठेवून मरायचं नाही, म्हणून लिहितो.

७४ साली तुझी आई गेली. मातीनंतर लोक तुझ्याकडे कॉफीला येणार होते. मी आधी आलो होतो. तू वर कपडे बदलत होतीस. मी छताकडे पाहिलं तर चुलीपासून खिडकीपर्यंत रेघ. बोटभर नाही, केसाएवढी, पण सरळ. खिडकीच्या चौकटीचा वरचा कोपरा उघडला होता. मी डोळा लावून पाहिलं. छत मध्ये बसलं होतं. एकेचाळीस वर्षं मी दुसरं काय पाहत आलो? छत बसतं कसं ते मला कुणी शिकवायला नको.

मी तुझ्या कपाटातून भेगा बुजवायची लांबी काढली, खुर्चीवर चढलो आणि ती रेघ बुजवली. अंगावर सुतकाचा काळा कोट होता, त्याला पांढरं लागलं. वळलो तर दारात डेल. हातात कपांचा ट्रे. त्याने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. ट्रे ठेवला आणि ओला रुमाल आणून माझ्या बाहीवरची लांबी पुसली.

त्याने तोंड उघडलं असतं तर मी भांडलो असतो आणि विषय तिथेच संपला असता. त्याने बाही पुसली. ते मला सहन झालं नाही.

अर्ध्या तासाने, पाहुणे बसले असताना, मी कॉफीवरून भांडण उकरलं. डेलने कॉफी पातळ केली, माझ्या हेल्मीच्या मातीला पाणी पाजलं, असं म्हणालो. आणखी काय काय म्हणालो ते तुला पाठ असेल. त्याच्या बापाला मध्ये आणलं. तू मला दार दाखवलंस आणि म्हणालीस, पुन्हा येऊ नका. मी ते मनावर घेतलं. पाच वर्षं मनावर घेतलं. लोकांना सांगत राहिलो की पोरीने एका कपासाठी बाप तोडला.

कॉफी चांगली होती. मला त्या छताखाली पुन्हा बसायचं नव्हतं, एवढंच.

चिडायचं ते चीड. पण खांब लाव.

बाबा


१० फेब्रुवारी

एलेन,

तुझं पत्र काल आलं. विस्कॉन्सिनचा शिक्का पाहून मला वाटलं चुकून आलं. मग अक्षर पाहिलं.

तुम्ही सप्टेंबरातच तिकडे गेलात. मी चार पत्रं जुन्या पत्त्यावर टाकत होतो, आणि ती फिरून फिरून तुला एकदम मिळाली. डेलला तिकडे काम लागलं, पाठीला आराम आहे, हे वाचून बरं वाटलं. तुम्ही त्या छताखाली नाही, हे वाचून मी पत्र तोंडावर धरलं. ट्रेम्बाथ म्हणाला, "काय रे, मेलं का कुणी?" मी म्हटलं, नाही, कुणी नाही मेलं. आणि मग पुढची ओळ वाचली.

तू लिहितेस की घर भाड्याने दिलंय. लॅरी आणि पॅटी बूशे, तो जंगलात लाकूडतोडीला जातो, आणि त्यांना चार महिन्यांचं मूल आहे.

आणि लिहितेस की माझं पत्र वाचून डेलने डोकं धरलं. आई गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने तिथे खांब लावला होता. तुला सांगितलं की कोट अडकवायला आहे. वर चार खुंट्याही ठोकल्या. तू त्याच्यावर चिडलीस, स्वयंपाकघराच्या मधोमध कुणी कोट अडकवतं का म्हणून. तो म्हणाला, फिनिश लोक अडकवतात. चार वर्षं तुम्ही त्या खांबावर कोट अडकवले. मी तुला विचारत होतो रेघ दिसते का, दरवाजा घासतो का, आणि तुझ्या घरात खांब उभा होता.

तुला खरं का नाही सांगितलं, असं तू त्याला आता विचारलंस, आणि तो म्हणाला, "तू बापाला सांगितलं असतंस. म्हाताऱ्याने एकतर खांब उपटला असता, नाहीतर मान खाली घातली असती. दोन्ही मला पाहायचं नव्हतं."

त्याला सांग. काय सांगशील ते मला सुचत नाही. माझ्या वतीने तूच काहीतरी सांग.

आणि तू लिहिलंयस ते, की ऑक्टोबरात पॅटीने पत्र पाठवून विचारलं, ते कोट अडकवायचं लाकूड काढलं तर चालेल का, तिथे पाळणा ठेवायचाय, चुलीची ऊब लागते. आणि तू कळवलंस, खुशाल काढा, मलाही ते कधी आवडलं नाही.

तुझी चूक नाही. हे मी तीनदा लिहिणार होतो, जागा नाही. मी छत झाकलं, डेलने खांब झाकला. तुला कुणी काही सांगितलंच नाही.

तू तिकडून शेरीफला फोन केलास, मीही पुन्हा केला. यादीत बारावा नंबर आला म्हणाले. तुमच्या गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या घरातून आता धूर निघत नाही, बूशेंकडे फोन नाही, आणि तिथे आत बर्फ काढणारा नांगर जात नाही. पण लॅरी बर्फाचे जोडे घालून दर दोन-तीन दिवसांनी मोठ्या रस्त्यावरच्या पेटीतून टपाल नेतो, असं तू लिहिलंस. तेवढाच मार्ग. काउंटीचा नांगर चालवणारा ओन्नी इथे आईला भेटायला येतो. तो वरच्या रस्त्याने जाणार आहे. पत्र माझ्याकडून नेऊन थेट पेटीत टाकतो म्हणाला. आत गल्लीत जाशील का, असं विचारलं. म्हणाला, "वाइनो, मशीन सोडून चाललो तर माझी नोकरी जाईल, आणि मागे अँब्युलन्सचा रस्ता बुजेल." बरोबर बोलला.

तो आत्ता खाली उभा आहे. लॅरी आणि पॅटीला दुसरं पत्र लिहून त्याच्या हाती देतो.

बाबा


१० फेब्रुवारी

लॅरी बूशे आणि पॅटी बूशे यांना

पाळणा आधी हलवा. पुढचं नंतर वाचा. चूल आणि खिडकी यांच्यामध्ये जिथे ठेवलाय तिथून काढून मागच्या छोट्या खोलीत न्या. त्या खोलीचं छत चांगलं आहे, ते खाणीच्या कंपनीने बांधलंय, मी नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. मी एलेनचा बाप, वाइनो केस्किला. तुमच्या स्वयंपाकघराच्या छतात एक लोखंडी गर्डर आहे. तो मी उलटा, म्हणजे कुशीवर निजवून ठेवला. त्याची उंची वरखाली असायला हवी होती, ती मी बाजूला नेली. त्यामुळे तो बर्फाचं ओझं घेऊ शकत नाही. तुम्ही काढलेलं ते लाकूड कोटांसाठी नव्हतं. गर्डरला त्याचाच आधार होता. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुमचा दोष नाही.

लॅरी, आता तू काय करायचं ते लिहितो. जुनं लाकूड जाळलं नसशील तर तेच घे. जाळलं असेल तर मांडीएवढं जाड, सरळ, ताजं खोड घे, तुला त्याची ओळख आहे. आधी तळघरात जा. वरचा खांब जिथे येणार त्याच्या बरोबर खाली, दगडावर, दुसरा खांब लाव. नाहीतर सगळं ओझं जमिनीच्या फळ्यांवर येईल आणि त्या बसतील. मग वरचा लाव. डोक्याशी जाड फळी ठेव. पाचर ठोकताना छत वर उचलायला जाऊ नकोस. नुसतं भिडू दे. लाकूड कुरकुरलं की थांब. उचलायला गेलास तर दुसरीकडे फुटेल.

खांब लागेपर्यंत छतावर चढू नकोस. तुझंही वजन आहे. लागल्यावर उपस, दोन्ही बाजू सारख्या.

ठोकायच्या आधी ऐकायला शीक. खोलीत शांत उभा राहा. लोखंड आधी आवाज करत नाही, पण त्यावर टेकलेली लाकडं करतात. बारीक टक-टक आली तर काहीही लावायला थांबू नका. मुलाला घ्या, जोडे घाला, मोठ्या रस्त्यावर या. नांगरवाला ओन्नी तिथून दर तीन तासांनी जातो, त्याला मी सांगितलंय.

७१ साली माझा जावई डेल मला म्हणाला होता की गर्डर उभा ठेवा. मी चार माणसांत त्याचं हसं केलं. तो बरोबर होता. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी अजून कुणा परक्याला सांगितलेलं नाही, आणि एकदा सांगायला हवं होतं.

पत्र मिळाल्याबरोबर मला उत्तर टाका. हॅनकॉक, काउंटीचा वृद्धाश्रम, एवढा पत्ता पुरतो. दोन ओळी पुरेत. शिव्या लिहिल्यात तरी चालतील, जितक्या सुचतील तितक्या लिहा. शिव्या आल्या म्हणजे मला कळेल की तुम्ही आहात.

वाइनो केस्किला